संगणकाचे काम आणि माणसांची टीम

(विद्यार्थी व पालक मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



सॉफ्टवेअर क्षेत्रात प्रकल्प कसा चालवावा आणि टीमचे नेतृत्व कसे करावे, या विषयावर बोलावे असे कार्यकारिणीने आम्हाला सुचविले, तेव्हा आम्ही प्रथम थोडे बिचकलो. समोर अकरावीची मुले आहेत, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुली आहेत, आणि ज्यांची हयात रेल्वेत, गिरणीत, नगरपालिकेत गेली असे ज्येष्ठ सभासदही आहेत. सर्वांना रुचेल असे काय सांगावे, हा प्रश्न होता. पण जसजसा विचार केला तसतसे लक्षात आले की, हा विषय संगणकाचा थोडा आणि माणसांचा फार आहे. ज्यांनी मुकादमाच्या हाताखाली काम केले आहे, किंवा स्वतः मुकादमी केली आहे, त्यांना यातले बरेचसे आधीच ठाऊक आहे. नावे मात्र नवीन आहेत.

आम्ही या क्षेत्रात पंचवीसहून अधिक वर्षे काढली. यशाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात. आज आम्ही आमची एक चूकही सांगणार आहोत, कारण ती ऐकून तुमच्यापैकी एखाद्याचा जरी फायदा झाला तरी येथे येणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.

माणसे वाढवली म्हणजे काम लवकर होते का?

आपल्या संस्थेचा वार्षिक कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. मंडप, लाऊडस्पीकर, जेवण, पाहुण्यांना आणणे-नेणे, वर्गणीचा हिशेब. तीन जणांवर काम सोपवले तर एकमेकांशी बोलण्याच्या वाटा तीन. पाच जण असले की त्या दहा होतात. दहा जण असले की पंचेचाळीस, आणि पन्नास जण असले की 1,225. माणसे पाचाची पन्नास झाली, म्हणजे दहापट. पण बोलण्याच्या वाटा शंभरपटीहून अधिक वाढल्या. मग 'मला वाटले तुम्ही सांगितले असेल' हे वाक्य ऐकू येऊ लागते. आचाऱ्याला कोणीच निरोप दिलेला नसतो आणि लाऊडस्पीकरवाल्याला तिघांनी दिलेला असतो!

हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत घडली. आयबीएम कंपनीने 7 एप्रिल 1964 रोजी 'सिस्टिम/360' या संगणकांच्या मालिकेची घोषणा केली. हे संगणक चालवण्यासाठी ओएस/360 नावाची प्रणाली लिहायची होती. त्या कामावर ऐन भरात हजाराहून जास्त माणसे होती. तरीही काम वेळेत झाले नाही, ठरवल्यापेक्षा जास्त मेमरी लागली, आणि पहिल्या आवृत्त्या मंद चालत. या कामाचे प्रमुख होते फ्रेड ब्रुक्स. त्यांनी दोष दुसऱ्यावर ढकलला नाही. त्यांनी 1975 साली 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले आणि आपले काय चुकले ते जगापुढे मांडले. पुढे 1999 साली त्यांना संगणक क्षेत्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 2022 साली त्यांचे निधन झाले. पण त्यांचे पुस्तक आजही या धंद्यात पडणाऱ्याने वाचलेच पाहिजे असे आहे.

ब्रुक्स यांचा मुख्य सिद्धांत असा की, सॉफ्टवेअरच्या उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसे घातली तर तो आणखी लांबतो. ऐकायला उलटे वाटते, पण कारणे सरळ आहेत. नवीन माणसाला काम समजावून सांगावे लागते, आणि ते समजावतो कोण? जो आधीच कामात बुडालेला आहे तोच. शिवाय वाटलेले काम पुन्हा तोडून वाटावे लागते, आणि बोलण्याच्या वाटा वाढतात त्या वेगळ्याच. खड्डा खणायचा असेल तर दहा कुदळी चालतात. पण एका तव्यावर एका वेळी एकच भाकरी भाजते. चुलीभोवती दहा जणी बसल्या म्हणून ती लवकर भाजत नाही. कोणते काम खड्ड्याचे आणि कोणते भाकरीचे, हे ओळखणे ही टीम-लीडरची पहिली परीक्षा होय.

वेळेचा हिशेब

विद्यार्थ्यांना आम्ही नेहमी विचारतो, 'बारा आठवड्यांचा प्रकल्प असेल तर प्रोग्राम लिहायला किती आठवडे ठेवाल?' बहुतेक जण दहा म्हणतात. ब्रुक्स यांनी स्वतःच्या अनुभवावरून मांडलेला हिशेब वेगळा आहे. एक तृतीयांश वेळ आखणीला, एक षष्ठांश प्रत्यक्ष लिहायला, एक चतुर्थांश सुट्या भागांच्या तपासणीला आणि उरलेला एक चतुर्थांश सगळे भाग जोडून झाल्यावर संपूर्ण तपासणीला. म्हणजे बारा आठवड्यांपैकी चार आखणीचे, दोन लिहिण्याचे आणि सहा तपासणीचे. घर बांधताना पायाला वेळ लागतो आणि प्लॅस्टरला पाणी मारायलाही वेळ द्यावा लागतो, हे आपल्या वस्तीतल्या गवंड्याला सांगावे लागत नाही. शिकलेल्यांना मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

अलीकडे काम लहान लहान टप्प्यांत करण्याची रीत रूढ झाली आहे. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी 17 तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी 'अजाइल' पद्धतीचा जाहीरनामा तयार केला. त्यात सांगितलेली दिशा थोडक्यात अशी: वर्षभर बंद खोलीत काम करून शेवटी ग्राहकापुढे उभे राहू नका. थोडे करा, चालवून दाखवा, त्याचे ऐका, सुधारा आणि पुढे जा. या रीतीने चालणाऱ्या अनेक टीम दोन-दोन आठवड्यांचे टप्पे पाडतात, रोज सकाळी पंधरा मिनिटे उभ्या-उभ्या बोलतात आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी काय चुकले याचा विचार करतात. पद्धत चांगली आहे. पण सकाळच्या त्या पंधरा मिनिटांत माणूस खरे बोलत नसेल, तर पद्धतीचा काहीही उपयोग नाही. आमची चूक नेमकी येथेच झाली.

आमची चूक

2006 सालची गोष्ट. आम्ही एका कंपनीत टीम-लीडर होतो. हाताखाली सात जण. काम होते एका पतसंस्थेच्या बचत खात्यांवरील व्याजाचा हिशेब संगणकावर आणण्याचे. मुदत तंग होती आणि वरून रोज विचारणा होत होती. टीममध्ये एक नवा मुलगा आला होता. मराठी माध्यमात शिकलेला, खेड्यातून आलेला, घरात कचेरीच्या खुर्चीवर बसणारा पहिलाच. काम चोख, बोलणे मात्र अगदी कमी.

व्याज रोजच्या शिलकीवर, वर्षाला चार टक्के दराने काढायचे होते. आमच्या प्रोग्राममध्ये रोजचे व्याज काढून ते तिथल्या तिथे पूर्ण पैशात बसवले जात होते, आणि महिनाअखेर त्याची बेरीज होत होती. वास्तविक बारीक अपूर्णांक महिनाभर तसेच ठेवून शेवटी एकदाच पैशात बसवायला हवे होते. वरवर पाहता फरक क्षुल्लक वाटतो. पण हिशेब करून पाहा. ज्याच्या खात्यात 500 रुपये आहेत, त्याचे रोजचे व्याज साडेपाच पैशांपेक्षा किंचित कमी येते. प्रोग्राम त्याचे पाच पैसे करी. तीस दिवसांचे त्याला 1 रुपया 64 पैसे मिळायला हवेत, तेथे दीड रुपया मिळे. ज्याच्या खात्यात 40 रुपये आहेत, त्याचे रोजचे व्याज अर्ध्या पैशापेक्षा कमी, म्हणून त्याला महिन्याअखेर शून्य! आणि ज्याच्या खात्यात 10,000 रुपये आहेत त्याला 32 रुपये 88 पैशांऐवजी 33 रुपये, म्हणजे उलट बारा पैसे जास्त. नियम सर्वांना सारखाच लावला होता. पण त्यात ज्यांची शिल्लक अगदी थोडी, त्या भाजीवालीचे आणि हमालाचे व्याज बुडत होते.

ही चूक आम्ही पकडली नाही, कंपनीच्या तपासणी विभागानेही पकडली नाही. एका निवृत्त कारकुनाने आपले पासबुक घेऊन, कागदावर पेन्सिलने आकडेमोड करून ती पकडली. मग धावाधाव झाली. हजारो खात्यांच्या नोंदी उलट फिरवाव्या लागल्या, त्यात तीन आठवडे गेले, आणि पतसंस्थेच्या खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना आमच्यामुळे लोकांची बोलणी खावी लागली.

त्या गडबडीत तो मुलगा आमच्या टेबलाजवळ आला आणि खाली मान घालून म्हणाला, 'सर, हे मला दोन महिन्यांपूर्वी दिसलं होतं.'

आमचा राग अनावर झाला. आम्ही विचारले, 'मग बोलला का नाहीस?'

तो म्हणाला, 'मी एकदा सांगायला आलो होतो सर. तुम्ही म्हणालात, आधी दिलेलं काम संपव. मग मीटिंगमध्ये सांगायचं ठरवलं. पण मीटिंग इंग्रजीत असते. मी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढं गेला.'

मित्रहो, त्या उत्तराने आमचा राग जिथल्या तिथे विरला आणि त्याची जागा शरमेने घेतली. आम्हीही मराठी शाळेतून आलो होतो. आम्हीही कधीकाळी मीटिंगमध्ये वाक्य जुळवत बसलो होतो. खुर्ची मिळाल्यावर ते विसरलो. चूक प्रोग्राममध्ये होती हे खरे, पण ती दोन महिने जिवंत राहिली ती आमच्या वागण्यामुळे. वरिष्ठांना दिलेल्या अहवालात आम्ही तसे लिहून दिले. त्या मुलाचे नाव आम्ही त्या अहवालात दोषी म्हणून येऊ दिले नाही. चूक ज्याला दिसली होती, असे त्याचे नाव लिहिले.

दोन मोठी उदाहरणे

असे फक्त आमच्यासारख्या लहान माणसांच्या हातूनच होते असे समजू नका. अमेरिकेच्या नासा या संस्थेने 11 डिसेंबर 1998 रोजी 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' नावाचे यान मंगळाकडे पाठवले. यानाला मार्गात सावरण्यासाठी लहान लहान धक्के द्यावे लागत. त्या धक्क्यांचा हिशेब एका गटाचे सॉफ्टवेअर पाउंडाच्या मापात देत होते आणि दुसरा गट ते आकडे न्यूटनच्या मापात आहेत असे धरून चालला होता. या दोन मापांत सुमारे साडेचारपट फरक आहे. साडेनऊ महिने यान थोडे थोडे चुकत गेले. मंगळापासून सुमारे 226 किलोमीटर उंचीवरून जायचे, ते सुमारे 57 किलोमीटरवर उतरले आणि 23 सप्टेंबर 1999 रोजी कायमचे हरवले. माप चुकले हे तर खरेच. परंतु चौकशी मंडळाने आणखी एक गोष्ट नोंदवली. मार्ग ठरवणाऱ्या काही जणांना आकडे जुळत नाहीत असे आधीच दिसले होते, ते आपसांत बोललेही होते. पण ती शंका रीतसर नोंदली गेली नाही आणि शेवटापर्यंत तिचा पाठपुरावा झाला नाही. दिसले होते, पण पोहोचले नाही. आमच्या पतसंस्थेची आणि या यानाची गोष्ट एकच आहे.

आता याच्या उलट उदाहरण ऐका. 20 जुलै 1969 रोजी अपोलो-11 चे यान चंद्रावर उतरत असताना संगणकाने एकाएकी 1202 या क्रमांकाचा धोक्याचा इशारा दिला. उतरायचे की परत फिरायचे, हे काही सेकंदांत ठरवायचे होते. जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात ही जबाबदारी स्टीव्ह बेल्स या 26 वर्षांच्या तरुणाकडे होती, आणि त्यांना मागच्या खोलीतून सल्ला देणारे जॅक गारमन अवघे 24 वर्षांचे होते. गारमन यांनी सांगितले, इशारा सारखा सारखा येत नसेल तर पुढे जायला हरकत नाही. बेल्स यांनी तसा निर्णय दिला, त्यांचे प्रमुख जीन क्रांझ यांनी तो मानला आणि यान चंद्रावर उतरले.

हे धाडस आले कोठून? उड्डाणापूर्वीच्या एका सरावात असाच इशारा आला होता आणि तेव्हा बेल्स यांनी गरज नसताना माघारीचा निर्णय दिला होता. क्रांझ यांनी त्यांना काढून टाकले नाही. असे सर्व इशारे आणि प्रत्येक वेळी काय करायचे, याची यादी तयार करा असे सांगितले. गारमन यांनी ती यादी हाताने लिहून टेबलावर ठेवली होती. सरावातली चूक लपवली गेली असती, तर ती यादी झालीच नसती. आणि संगणकाच्या बाजूनेही तयारी होती. एमआयटीच्या प्रयोगशाळेत मार्गारेट हॅमिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेले सॉफ्टवेअर असे होते की, कामाचा भार वाढला तर कमी महत्त्वाची कामे बाजूला सारून ते महत्त्वाचे काम चालू ठेवी. हॅमिल्टन यांना 2016 साली अमेरिकेचा 'प्रेसिडेंशियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सन्मान मिळाला.

एका ठिकाणी अनुभवी माणसांची शंका हवेत विरली, दुसऱ्या ठिकाणी चोवीस वर्षांच्या मुलाचा शब्द शेवटपर्यंत पोहोचला. दोन्हीकडे हुशारी होती. फरक होता तो शब्द पोहोचण्याच्या वाटेत, आणि ती वाट करून ठेवणे हेच नेत्याचे काम.

आम्ही काय बदलले

त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या टीममध्ये काही साधे नियम केले. पहिला, मीटिंगमध्ये सर्वांत नव्या माणसाने प्रथम बोलायचे आणि आम्ही सर्वांत शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीचे फक्त मान डोलावतात. दुसरा, भाषा कोणतीही चालेल. मराठी, हिंदी, मोडकेतोडके इंग्रजी. ग्राहकाला कळवताना इंग्रजीत लिहिणे ही टीमची जबाबदारी, एकट्याची नाही. तिसरा, शंका आली की ती नोंदवहीत तारीख घालून लिहायची आणि त्यावर काय ठरले तेही लिहायचे. तोंडी सांगितलेली शंका वाऱ्यावर जाते. चौथा, एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जायचा नाही, आणि यात आमचा स्वतःचा प्रोग्रामही आला. पाचवा, चूक झाली तर 'कोणी केली' हा प्रश्न नंतर, 'कशी झाली आणि पुन्हा कशी होणार नाही' हा प्रश्न आधी.

सुरुवातीला या नियमांनी काम मंदावले असे वाटले. वरिष्ठांनी तसे बोलूनही दाखवले. पण शेवटच्या महिन्यातल्या जागरणाच्या रात्री कमी झाल्या, आणि माणसे नोकरी सोडून जाण्याचे प्रमाणही कमी झाले.

विद्यार्थ्यांना आणि पालकांना

विद्यार्थी मित्रहो, आज संगणकाला साध्या भाषेत सांगितले तरी तो प्रोग्राम लिहून देतो. त्यामुळे आता शिकून काय उपयोग, असे काही जण विचारतात. आम्ही म्हणतो, यंत्राने लिहिलेला व्याजाचा हिशेब बरोबर आहे की नाही, हे कागद-पेन्सिल घेऊन तपासणारा माणूस लागणारच. त्या निवृत्त कारकुनाची विद्या जुनी झालेली नाही. गणित पक्के करा. दुसऱ्याचा प्रोग्राम वाचायची सवय लावा. कॉलेजचा प्रकल्प चौघांनी मिळून करायचा असेल, तर एकाने करून तिघांनी नाव लावू नका. भांडा, वाटून घ्या, जोडा. नोकरीत हेच करायचे आहे. आणि काही चुकीचे दिसले तर बोला. इंग्रजी शिका, अवश्य शिका, पण ते येईपर्यंत गप्प बसू नका. चार ओळी लिहून द्या. आकडा दाखवा. 500 रुपयांवर 1 रुपया 64 पैसे व्हायला हवेत, दीडच होत आहेत, हे सांगायला व्याकरण लागत नाही.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी कचेरीतून उशिरा आली आणि काही बोलली नाही, तर पगाराचा आणि बढतीचा प्रश्न बाजूला ठेवून 'आज कामात काय अडले?' असे विचारा. घरात ज्याचे ऐकून घेतले जाते, त्याला बाहेर बोलायचा धीर येतो. आणि जे आज टीम-लीडर, मॅनेजर झाले आहेत, त्या आमच्या बांधवांना आणि भगिनींना सांगणे एवढेच की, आपण ज्या दारातून संकोचत आत आलो, त्या दारातून आज दुसरे कोणीतरी संकोचत आत येत आहे. त्याच्याकडे मान वर करून पाहा आणि हातातले काम क्षणभर थांबवा.

तो मुलगा आज काय करतो, असे तुम्ही विचाराल. तो आता मोठ्या टीमचा प्रमुख आहे. मध्यंतरी त्याचा फोन आला. म्हणाला, 'सर, आमच्याकडे नवी मुलगी आली आहे, मीटिंगमध्ये काहीच बोलत नाही. म्हणून आता पहिली पाळी तिची ठेवली आहे.' आम्हाला याहून मोठे प्रशस्तिपत्रक कोणत्याही कंपनीने दिलेले नाही.

 ज्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी कार्यक्रमानंतर अभ्यासिकेत यावे. आम्ही तेथे बसलेले असू. प्रश्न कोणत्याही भाषेत चालतील.